'रनवे'चे पप्पा

चौकातल्या फ्लेक्सवर झळकायचं तर पूर्वी पनवेलात माणसाला निदान नगरसेवकाच्या तिकिटाची आशा तरी लागत असे. आता चार पाय आणि दोन शिंगं असली तरी भागतं. आमच्या नाक्यावर परवा असाच एक फ्लेक्स लागला. मधोमध पांढराशुभ्र खिल्लार खोंड, गळ्यात घुंगुरमाळ, कपाळावर गुलाल आणि पाठीमागे आभाळात झेपावणारं विमान. खाली मजकूर : 'मैदानाचे बादशहा, बिनजोड किंग रनवे यांना वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा.' 'यांना', बरं का. त्याखाली शुभेच्छुकांचे फोटो, एकजात काळे गॉगल लावलेले. बिनगॉगलचा असा त्या फ्लेक्सवर एकटा बैलच. आणि अगदी कोपऱ्यात, आधार कार्डावर असतो तेवढ्या मापाचा, हात जोडलेला एक चेहरा : शेठ.

शेठना नाव आहे, आडनाव आहे. पण गावात त्यांना 'रनवेचे पप्पा' म्हणतात. मला आधी ती थट्टा वाटली. मग त्यांच्या पुतणीच्या लग्नपत्रिकेत निमंत्रकांच्या यादीत, नावापुढे कंसात, तेच छापलेलं पाहिलं आणि थट्टेचा प्रश्न मिटला.

मी त्यांच्या इमारतीत तळमजल्यावर दहावीचे क्लास घेतो, म्हणून मी 'सर'. ही इमारत उभी आहे तिथे शेठच्या वडिलांचं भाताचं खाचर होतं. १९७० मध्ये सिडको आली, नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरणकडच्या ९५ गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरातल्या आंदोलनात पाच शेतकरी हुतात्मा झाले, आणि दि. बा. पाटलांच्या त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना निघाली. शेठच्या वाट्याला जो तुकडा आला त्यात आता भात होत नाही, सात मजले पिकतात आणि दर महिन्याच्या पाच तारखेला भाड्याची कापणी होते. वडिलांची बैलजोडी कुठे गेली असं विचारलं तर शेठ विषय बदलतात. घरात शेतकरीपणाच्या खुणा दोनच उरल्या : दाखल्यावरचं 'व्यवसाय – शेती' आणि मागच्या अंगाला पत्र्याचा गोठा. नांगराला बैल नको होता, पण गोठ्याला हवा होता. म्हणून जन्मात नांगर न पाहिलेला एक खोंड घाटावरून टेम्पोत बसून आला.

त्याचं नाव आधी सोन्या होतं. पलीकडे डोंगर फोडून विमानतळाचं काम चालू होतं, सुरुंगांचे आवाज गोठ्यापर्यंत यायचे. पण हे पोर दचकायचं नाही, उलट शेपूट वर करून धावायचं. शेठनी तिथल्या तिथे नाव बदललं. २५ डिसेंबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी विमानं उडायला लागली, तेव्हा सगळं गाव गच्चीवर जाऊन माना वर करून बघत होतं. शेठ खाली गोठ्यात होते. मला म्हणाले, "सर, तेंचा रनवे आता चालू झाला. आपल्याला दोन सीझन झाले."

आता या खोंडाचं संगोपन. गोठ्यात दोन पंखे, पायाखाली रबरी चटई, रात्री मच्छरदाणी आणि कोपऱ्यात सीसीटीव्ही. तो कॅमेरा चोरासाठी नाही. शेठ लग्नाकार्याला बाहेरगावी गेले की पंगतीत बसून मोबाइलवर रनवेचं रवंथ बघतात. खुराकात दूध, गावठी अंडी, उडदाचं पीठ, शेंगदाण्याची पेंड, खारीक आणि बदाम. बदाम शेठ रात्री स्वतःच्या हातानं भिजत घालतात आणि सकाळी चहाच्याही आधी सोलायला बसतात. ओल्या बदामाला अंगठ्यानं चिमटा काढला की साल हातात राहते आणि गर टुणकन उडतो. पुढ्यात स्टीलचं ताट असतं, त्यात तो पडतो. एखादा नेम चुकून जमिनीवर जातो. तो उचलून, फुंकर मारून, शेठ आपल्या तोंडात टाकतात. घरातल्या माणसाच्या पोटात जाणारा बदाम तो एवढाच. शेठाणी हे सारं ओट्याशी उभ्या राहून बघत असतात. त्यांचं एकच म्हणणं आहे, "माज्या दोन बाळंतपणांत एवरं बदाम नाय आले या घरान."

शेठच्या व्याकरणात बैलाला प्रथमपुरुषी अनेकवचन असतं. "आज आमचं पोहणं हाय" म्हणजे बैलाला दगडखाणीच्या तळ्यात दमसास वाढवायला पोहवायचं आहे. "आमाला काल जरा कणकण होती" म्हणजे डॉक्टर येऊन गेले, ते अर्थातच जनावरांचे. एकदा जिन्यात भेटले ते म्हणाले, "सर, आमचे दोन दात पडले." मी घाबरून त्यांच्या तोंडाकडे बघू लागलो. मग कळलं की रनवे आदतचा दुसा झाला, म्हणजे दुधाचे दोन दात पडून त्याजागी पक्के आले. शर्यतीत वयाप्रमाणे गट असतात, तेव्हा ही बातमी घरी नव्या इयत्तेसारखीच साजरी झाली. पेढे मलाही आले.

त्यांचा खरा मुलगा, दोन पायांचा, माझ्याच क्लासला होता. पालकसभेला शेठ आले, पहिल्या बाकावर बसले. मी म्हटलं, "शेठ, बीजगणितात जरा कच्चा आहे." त्यांनी मान हलवली. मी म्हटलं, "लक्ष नसतं त्याचं." त्यांनी पुन्हा मान हलवली आणि खिशातून मोबाइल काढला. "सर, मार्कांचा काय, येतान नि जातान. ह्यो बघा, काल रनवेनी बिनजोड मारली." मागच्या बाकावरचे दोन पालक उठून पुढे आले. पुढची दहा मिनिटं पालकसभेत एका बैलाची प्रगती दाखवली गेली आणि खरं सांगायचं तर तेवढ्या दहा मिनिटांत कुणीही जांभई दिली नाही. मुलाची दहावीची गुणपत्रिका पुढे कपाटाच्या खणात गेली. रनवेचा पशुवैद्यकीय अधिकाऱ्यानं दिलेला तंदुरुस्तीचा दाखला मात्र बैठकीच्या खोलीत चौकटीत लावला आहे, देवांच्या तसबिरींच्या जरा खाली, आजोबांच्या जरा वर.

बिनजोड म्हणजे काय, ते इतर जिल्ह्यांतल्या वाचकांसाठी सांगायला हवं. आमच्याकडे रायगड-ठाण्याच्या पट्ट्यात एकास एक शर्यत लावतात : दोन छकडे, प्रत्येकाला दोन बैल, समोर सरळ धाव. झेंडा पडला की काही सेकंदांत निकाल. जिंकेल त्याचा गुलाल. पण एका छकड्याला बैल लागतात दोन आणि शेठचा रनवे एक, तेव्हा दुसऱ्या मालकाच्या बैलाशी पैरा जुळवावा लागतो. ही जुळवाजुळव मी जवळून पाहिली आहे. मुलीच्या लग्नातही एवढी चौकशी होत नाही. समोरचा डावीचा की उजवीचा? आतून खेचतो की बाहेर ओढतो? सुटताना उडी कशी आहे? घराणं कोणतं, घाटावर कुणाच्या दावणीला होता? सगळं पसंत पडलं तरी शेठ शेवटी नाक मुरडतात, "बरा हाय. पण आमच्या पोऱ्याचे तोडीचा नाय."

हे वाक्य पुढे उपयोगी पडतं. रनवे जिंकला की रनवे जिंकला, आणि हरला की पैरा हरला. पैरा चांगला असेल तर ड्रायव्हर हरला. ड्रायव्हरही नावाजलेला असेल तर धावपट्टी ओली होती, झेंडा उशिरा पडला, कुणीतरी फटाका वाजवला, सकाळी निघताना आडवं मांजर गेलं. एका शर्यतीत रनवे निशाणाच्या अलीकडे चक्क थांबला आणि कडेच्या बाईकडे बघत राहिला. शेठ म्हणाले, "फॅन फॉलोइंग जास्त झाली का असा व्हतं." फडके नाट्यगृहात बालनाट्याच्या विंगेत उभ्या असलेल्या आयांना याच सुरात बोलताना मी ऐकलं आहे. तिथे झाडाची भूमिका करणाऱ्या मुलाची आईदेखील प्रकाशयोजनेला दोष देते.

किमतीचा विषय शेठकडे काढू नये. "पोराची किंमत कोन सांगतं काय?" असं ते आधी रागावून विचारतात आणि मग स्वतःच सांगतात. दिवाळीत रनवेला अकरा लाखांची मागणी आली होती, मकर संक्रांतीला ती पंधरावर गेली, होळीपर्यंत एकवीस झाली. मागणी घालणारा मनुष्य कुणी पाहिलेला नाही. तरी हे आकडे अगदीच हवेतले म्हणवत नाहीत, कारण या जगात खरंच काय काय घडतं हे आपण वाचतोच. सांगली जिल्ह्यात भाळवणीच्या मैदानात २०२३ साली पहिल्या नंबराला थार गाडी होती. ती जिंकणाऱ्या जोडीतल्या बकासुराचं नाव पोरं क्रिकेटपटूसारखं घेतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच जिल्ह्यात फॉर्च्युनर ठेवली होती, ती नेली हेलिकॉप्टर बैज्या आणि ब्रेक फेल या जोडीनं. बैलानं पळायचं, गाडीत मालकानं बसायचं, एवढं सोडलं तर व्यवहारात खोट नाही. शेठनी त्या बातमीचं कात्रण रनवेला वाचून दाखवलं. मी तिथे होतो. रनवेनं कात्रण खाल्लं. "बघा, मनावर घेतलान," शेठ म्हणाले.

अशा हौशी मालकांची जात पनवेलला नवी नाही. विहीघरचे पंढरीशेठ फडके आठवत असतील. अंगावर किलोंनी सोनं, गाडीच्या टपावर बसून मैदानात प्रवेश आणि भोवती पोरांचा जल्लोष. त्यांच्या बादल बैलाचं नाव रायगडाबाहेरही पोचलं होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते गेले तेव्हा कितीतरी गोठ्यांत सुतक पाळल्यासारखं झालं. आमचे शेठ त्यांच्या पासंगालाही पुरत नाहीत, हे शेठच सांगतात. त्यांच्या गळ्यात एकच साखळी आहे आणि पदकात गणपती नसून रनवेचं तोंड आहे. पण ढंग तोच. पूर्वी गावात नंदीबैलवाला यायचा, 'पाऊस पडंल का?' म्हणून विचारायचा, नंदी मान डोलवायचा आणि सुपातलं धान्य झोळीत पडायचं. तो बिचारा बैलाला निदान प्रश्न तरी विचारी. आमचे शेठ परस्पर उत्तरंच देतात.

मध्ये या मंडळींवर मोठा वनवास आला होता. जुलै २०११ मध्ये केंद्र सरकारनं अधिसूचना काढून बैलाला अस्वल, माकड, वाघ, सिंह यांच्या यादीत नेऊन बसवलं : ज्यांना खेळासाठी शिकवायचं नाही आणि ज्यांचे खेळ दाखवायचे नाहीत असे प्राणी. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं जल्लीकट्टूबरोबर आपल्या शर्यतीही बंद केल्या. २०१७ मध्ये राज्यानं कायदा दुरुस्त केला, त्यावर उच्च न्यायालयानं अडसर घातला. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं कायदा वैध ठरवला. या सगळ्या तारखा मला शेठनी सांगितल्या. स्वतःच्या लग्नाची तारीख त्यांना शेठाणीला विचारावी लागते.

पण बंदी काही कुणाच्या लहरीनं आली नव्हती. शेपटी पिरगाळणं, ती दातानं चावणं, खिळ्याच्या काठीनं टोचणं हे प्रकार मैदानात राजरोस चालत आणि ते करणारेही बैलाला 'लेकरू'च म्हणत. शेठ हे नाकारत नाहीत. "व्हता तसा," म्हणतात आणि खाली बघतात. आता नियम आहेत : जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, डॉक्टरांची तपासणी, हजार मीटरच्या आत धाव, चाबूक-काठी नाही. सगळीकडे ते पाळले जातात असं मी लिहिलं तर मैदानातले लोकच हसतील. शेठपुरतं एवढं सांगतो की, त्यांनी एका ड्रायव्हरला रनवेच्या शेपटीला हात लावताना पाहिलं आणि भर मैदानात छकड्यावरून खाली उतरवलं. गुलाल गेला, पैऱ्याचा मालक भांडला, बिदागीचे पैसे बुडाले. पोराला मास्तरानं हात लावला तर बाप शाळेत जातो, तसे ते गेले. मग घरी येऊन त्यांनी मलाच विचारलं, "सर, तुमी पोरांना मारता काय?"

मैदानाचा दिवस हा मात्र बघण्यासारखा. पहाटे तीनला गोठ्यात दिवा लागतो. शिंगांना तेल, खुरांना तेल, पाठीवर झूल. शेठाणी, ज्या वर्षभर बदामांवरून बोलतात, त्याच मीठ-मिरच्या घेऊन दृष्ट काढतात आणि कानामागे काजळाचं बोट लावतात. टेम्पोत रनवेसाठी गवताची जाड गादी, आणि शेठ ड्रायव्हरशेजारी न बसता मागे, बैलापाशी उभे. रस्त्यात खड्डा आला की 'हळू रं' अशी हाक. त्या दिवशी शेठ पाणीसुद्धा पीत नाहीत. रनवे मात्र दोन वेळा व्यवस्थित खातो.

मैदानात स्पीकरवर निवेदक गळ्याच्या शिरा ताणून ओरडत असतो. शेठचा नंबर पुकारला जातो, छकडे चाकोरीत येतात, बैल जुंपले जातात, पोरं वेसण धरून लटकतात. आणि नेमक्या त्या क्षणी शेठ मैदानाकडे पाठ करतात. पहिल्यांदा मला वाटलं काही विसरले. तसं नाही. वर्षभर ज्या दहाबारा सेकंदांसाठी बदाम सोलले, ते सेकंद त्यांनी आजवर कधीच पाहिलेले नाहीत. "माना बघवत नाय, सर. पाय अडकला, परला, तर?" डोळे मिटलेले, ओठांत एकवीरेचं नाव, आणि पब्लिकच्या आवाजावरून ते अंदाज घेतात. आरोळी उठली की विचारतात, "आपला काय?" आपला असेल तर गुलालाच्या ढगात घुसतात आणि दिसेनासे होतात. मग घरी येऊन तीच शर्यत मोबाइलवर रात्री एकपर्यंत बघतात, प्रत्येक वेळी निकाल माहीत नसल्यासारखी. रनवे तोवर झोपलेला असतो. आपण जिंकलो याची त्याला खबर नाही, हरलो तेव्हाही नव्हती. मैदानातल्या सगळ्या मंडळींत शहाणा म्हणायचा तर तोच.

गोठ्यात मागच्या भिंतीला आणखी एक बैल बांधलेला असतो. शेठचा पहिला, सर्जा. बंदी आली तेव्हा तो ऐन भरात होता आणि बंदी उठली तोवर म्हातारा झाला. दोनतीन गुलाल काय ते त्याच्या नावावर आहेत. त्या काळात पुष्कळांनी बैल काढून टाकले, शेठनी हा ठेवला. त्याच्यावर फ्लेक्स लागत नाही, रील होत नाही, पाहुण्यांना तो दाखवत नाहीत. पण दोन पंख्यांपैकी एक त्याचा आहे, आणि गुडघे धरले की तेल शेठच चोळतात. बदाम तेवढे बंद झालेत. त्याला चावत नाहीत.

हौशी बाप म्हणून शेठ हास्यास्पद आहेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मुलाच्या बीजगणितावर अर्धा तास दिला असता तर बरं झालं असतं, हेही मी त्यांच्या तोंडावर सांगितलं आहे. पण सर्जाकडे बघून मी त्यांना पास करतो, काठावर का होईना.

दिवाळीनंतर मैदानं सुरू होतील. पनवेलकडे कुठे परवानगीची शर्यत लागली तर जरूर या, पोराबाळांना घेऊन या. फक्त झेंडा पडायच्या वेळी शेठच्या शेजारी उभे राहू नका. ते डोळे मिटतात आणि हाताला लागेल त्याचं मनगट धरतात, आणि निकाल लागेपर्यंत सोडत नाहीत.